शिक्षकांची शाळा आणि आपले ग्रंथालय

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी मराठीचा प्राध्यापक असल्याने एखाद्या कवीवर किंवा कादंबरीकारावर बोलेन, अशी कार्यवाहांची अपेक्षा असावी. मी मात्र विषय निवडला तो आपल्या विद्यापीठातील शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र विद्याशाखेचा, म्हणजे पदवी घेतल्यानंतर माणसाला शिक्षक करणाऱ्या, आणि शिक्षकाला पुढे मुख्याध्यापक, निरीक्षक, संशोधक होण्यासाठी तयार करणाऱ्या शाळेचा. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे काहींना वाटले असेल. माझे म्हणणे असे की, ग्रंथालय आणि शिक्षकांची शाळा ही बडोद्यात एकाच घरी जन्मलेली भावंडे आहेत. त्यांपैकी एकाचे आरोग्य बिघडले, तर दुसऱ्याला ते फार काळ लपवता येत नाही.

थोडा इतिहास आठवू या. १८७५ मध्ये कवळाण्याहून बारा वर्षांचा एक मुलगा बडोद्यास आला. त्याला अक्षरओळख नव्हती. पुढे सहा वर्षे एफ. ए. एच. एलियट या शिक्षकाने त्याला घडवले. आणि १८८१ च्या अखेरीस राज्याधिकार हाती येण्यापूर्वी दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर त्याला व्याख्याने दिली. तेच आपले सयाजीराव महाराज. आपण त्यांचे पुतळे पाहतो, त्यांच्या नावाची विद्यापीठे आणि रुग्णालये पाहतो. पण उशिरा शाळेत बसलेला आणि तरीही उत्तम शिकलेला एक विद्यार्थी, हे त्यांचे रूप आपण फारसे आठवत नाही. चांगला शिक्षक मिळाल्यास सहा वर्षांत काय होऊ शकते, याचा पुरावा त्यांना बाहेर शोधावा लागला नाही.

म्हणूनच असेल, १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यभर लागू केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंड होई. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. ते विधेयक संमत झाले नाही, ही गोष्ट निराळी.

परंतु सक्तीने मूल शाळेच्या दारापर्यंत येते, त्याच्या पुढे नाही. दंडाच्या भीतीने वर्ग भरतो. वर्गात काय घडावे हे कोणताही हुकूम ठरवू शकत नाही. तेथे शिकवणारा माणूस लागतो. आणि शाळा सोडल्यावर वाचण्यास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे चार-पाच वर्षांत पुसली जातात. या दोन अडचणींची दोन उत्तरे बडोदे संस्थानाने दिली. पहिले उत्तर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे. दुसरे ग्रंथालयांचे. १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावी पेट्या पाठवणारी फिरती वाचनालये यांची व्यवस्था लावली गेली, ते या मंडळींना मी सांगण्याची गरज नाही. शिक्षक वाचायला शिकवतो आणि ग्रंथालय वाचायला लावते, अशी ही कामाची वाटणी होती.

माध्यमिक शिक्षकांसाठी बडोद्यात स्वतंत्र प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले ते १९३५ मध्ये. पूर्वी या पदवीला बी. टी. म्हणत, आपल्यापैकी काहींच्या आजोबांच्या किंवा आजींच्या नावापुढे ही अक्षरे घरातील जुन्या कागदांत अजून सापडतील. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, पण जाताना ते विद्यापीठ मागे ठेवून गेले. श्रीमती हंसा मेहता या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थी येणाऱ्या शब्दाच्या जागी ‘सर्व मानव’ असा शब्द यावा, असा आग्रह धरणाऱ्या त्याच या विदुषी. जुने प्रशिक्षण महाविद्यालय नव्या विद्यापीठाची एक विद्याशाखा झाले. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययनाचे केंद्र म्हणून तिची निवड केली, आणि ‘केस’ हे चार इंग्रजी अक्षरांनी बनलेले आटोपशीर नाव भारतभरच्या शिक्षणक्षेत्रात रूढ झाले.

या केंद्राचे एक काम ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. देशातील निरनिराळ्या विद्यापीठांत शिक्षणविषयक प्रबंध लिहिले जात, परीक्षक ते तपासत, पदवी मिळे आणि प्रबंध कपाटात जात. एका विद्यापीठात काय झाले, हे दुसऱ्याला ठाऊक नसे. प्राध्यापक एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली या सर्व संशोधनाचा आढावा घेणारा पहिला खंड १९७४ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. दुसरा १९७९ मध्ये. पुढचे दोन, १९८७ आणि १९९१ मध्ये, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने काढले. प्रत्येक प्रबंधाचा विषय, पद्धती, निष्कर्ष थोडक्यात देणे आणि त्यांची विषयवार मांडणी करणे, हे वस्तुतः सूचिकाराचे काम. त्यात कीर्ती थोडी आणि कष्ट फार. परंतु ज्याने हे खंड हाताळले आहेत त्याला दोन गोष्टी कळतात. एक, आपल्या देशात शिक्षणाचा विचार किती विपुल झाला आहे. आणि दोन, त्यातला किती थोडा वर्गाच्या उंबरठ्याच्या आत गेला आहे. पहिली अभिमानाची आहे आणि दुसरी लाजेची.

उंबरठ्याच्या आत गेलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे सूक्ष्म अध्यापन. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत सुरू केली. पूर्ण वर्ग, पूर्ण तासिका, पूर्ण पाठ असे सगळे ओझे नवशिक्याच्या डोक्यावर एकदम द्यायचे नाही. पाच ते दहा विद्यार्थी, पाच-सहा मिनिटे, एक छोटासा मुद्दा आणि एकच कौशल्य: प्रश्न विचारणे, किंवा उदाहरण देणे, किंवा फलकलेखन. तिकडे यासाठी चित्रमुद्रणाची यंत्रे होती. ती आपल्याकडे कोठून असणार? बडोद्यात प्राध्यापक बी. के. पासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राशिवाय चालेल अशा रीतीने हे तंत्र बसवले, त्याचे प्रयोग केले आणि १९७६ मध्ये त्यावरचे पुस्तकही आले. छात्राध्यापकांनीच आळीपाळीने विद्यार्थी व्हायचे आणि निरीक्षकही व्हायचे. सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनराध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र. भारतातील असंख्य बी. एड. महाविद्यालयांत हे चक्र शिकवले गेले. पासी पुढे इंदूर विद्यापीठात गेले आणि तेथेही शिक्षक-प्रशिक्षणाचे मोठे काम उभे राहिले. बडोदे आणि इंदूर ही मराठी माणसांची दोन जुनी ठाणी या मार्गानेही जोडलेली आहेत.

आता मी या विषयाकडे कसा वळलो ते सांगतो. त्यात माझी फजिती आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट कळणार नाही.

तीसएक वर्षांपूर्वी मी एम. ए. झालो. महाविद्यालयात जागा मिळेपर्यंत शहरातील एका माध्यमिक शाळेत रजेच्या जागेवर मराठी शिकवण्याचे काम मिळाले. विषय येत होता, वाचन होते, बोलण्याची सवय होती. शिकवण्याला आणखी काय लागते, अशी त्या वयातली माझी खात्री होती. बी. एड. म्हणजे तक्ते रंगवण्याची आणि पाठ टाचणाच्या वह्या भरण्याची पदवी, अशी थट्टाही आम्ही एम. ए. ची मंडळी करीत असू.

आठवीच्या वर्गावर चांदण्यावरची एक कविता होती. मी पस्तीस मिनिटे मनापासून शिकवले. कवीची प्रतिभा, प्रतिमांचे सौंदर्य, निसर्गकवितेची परंपरा, काही सोडले नाही. शाळेतील एक ज्येष्ठ शिक्षिका मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. त्यांचे प्रशिक्षण आपल्या विद्यापीठातले. तास संपल्यावर त्यांनी मला शिक्षक-खोलीत बोलावून घेतले आणि वही पुढे केली. तीत कोणतेही मत नव्हते, फक्त रेघा होत्या. मी चौदा प्रश्न विचारले होते. त्यांपैकी अकरांची उत्तरे मीच दिली होती. दोन प्रश्नांना पहिल्या बाकावरच्या एकाच मुलीने उत्तर दिले होते. आणि राहिलेला प्रश्न होता, ‘समजलं ना?’ त्याला सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणाला होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, कविता तुम्ही छान सांगितलीत. पण ती ऐकलीत तुम्हीच.”

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, “मधल्या सुट्टीनंतर माझा तास मोकळा असतो. आठ मुलं घेऊन या. सहा मिनिटं शिकवा. काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं.” मी गेलो. ती सहा मिनिटे माझ्या आयुष्यातील फार लांब मिनिटांपैकी आहेत. प्रश्न विचारून थांबणे म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हते. दोन क्षण शांतता झाली की माझ्या तोंडून उत्तर बाहेर पडे. बाई नुसते बोट वर करीत. पुन्हा बसून आम्ही प्रश्न बदलले, पुन्हा सहा मिनिटे. असे तीन दिवस चालले.

तिसऱ्या दिवशी एका मुलाला मी दोन ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या. तो मराठी घरातला मुलगा. घरी अस्खलित मराठी बोलणारा. त्याने ‘चंद्र’ बरोबर वाचला, पण ‘चांदणे’ वाचताना त्यातला ‘च’ चंद्रातल्यासारखाच उच्चारला. पुढे ‘जळ’ हा शब्द ‘जल’मधल्या ‘ज’ने वाचला. हाच मुलगा बोलताना ‘चांदणं’ अगदी बिनचूक म्हणत होता. मग उलगडा झाला. त्याची पहिली लिपी गुजराती, आणि देवनागरी तो हिंदीच्या पुस्तकातून शिकला होता. त्या पुस्तकात ‘च’ एकाच प्रकारचा. कानावरचे मराठी आणि डोळ्यांपुढचे मराठी यांची त्याच्या मनात गाठच पडली नव्हती. त्या पानावरची भाषा आपल्या आजीची भाषा आहे, हे त्याला कोणी दाखवले नव्हते. मीही दाखवले नव्हते. मी परंपरा आणि प्रतिभा सांगत होतो.

मित्रहो, एम. ए. च्या दोन वर्षांत जे कळले नाही ते मला त्या सहा मिनिटांत कळले, आणि तेही मी बोलायचा थांबलो म्हणून. शिक्षकांची शाळा नेमके काय शिकवते, असे कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन: विद्यार्थ्याला काय येत नाही आणि का येत नाही, हे ऐकण्याची ती शिस्त लावते. विषयाचे ज्ञान त्याला पर्याय नाही, तसे हेही विषयज्ञानाला पर्याय नाही. दोन्ही लागतात.

बाईंच्या वहीतील रेघा हा त्यांच्या मनाचा खेळ नव्हता, हे मला नंतर कळले. अमेरिकन संशोधक नेड फ्लँडर्स यांनी वर्गातील बोलण्याची दर तीन सेकंदांनी नोंद करण्याची पद्धत बसवली होती. तीत दहा वर्ग: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. सर्वसाधारण वर्गात दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्यातला दोन तृतीयांश वेळ शिक्षकच बोलतो, असे त्यांना आढळले. माझ्या वर्गात हे प्रमाण कुठल्या कुठे गेले असते. बाईंनी ती पद्धत शाळेच्या वहीत बसेल इतकी सोपी केली होती. संशोधन वर्गात जाते ते असे, एखाद्या माणसाच्या हातून.

या शाळेचे दुसरे काम शिक्षणाचे नेतृत्व घडवण्याचे. विद्याशाखेत शैक्षणिक प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तो असणे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे बहुधा सेवाज्येष्ठतेने माणूस एका रात्रीत मुख्याध्यापक होतो. काल संध्याकाळी तो गणित शिकवत होता. आज सकाळी त्याच्यासमोर वेतनपत्रके, अनुदानाचे हिशेब, वेळापत्रक, गळके छप्पर आणि दोन रुसलेले शिक्षक असतात. महाराजांना राज्य हाती देण्यापूर्वी सहा वर्षे तयार केले गेले, दिवाणांनी स्वतः व्याख्याने दिली. मुख्याध्यापकाच्या हाती तीन-चारशे मुलांचे राज्य देताना आपण त्याला एक महिनाही देत नाही. मग तो कागदात बुडतो, आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसायला शाळेत कोणी उरत नाही. प्रशासन हे अध्यापनासाठी असते, ही साधी गोष्ट शिकवावी लागते.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शिक्षक-प्रशिक्षणाविषयी समाजात जी अनास्था आहे ती सगळी निराधार नाही. पदवी नोकरीपुरती घेणे, सराव पाठ उरकणे, गेल्या वर्षीच्या वह्या उतरवून काढणे, हे सर्व आपण ऐकून आहोत. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. तरीही खाजगी महाविद्यालयांचे पेव फुटायचे थांबले नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये या दुरवस्थेवर कठोर भाष्य केले. त्यानंतरच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे दिशा दाखवली. मुदत वाढवणे योग्यच. परंतु दोन वर्षे वह्या उतरवल्या तर एका वर्षाच्या दुप्पट वह्या होतात, यापलीकडे काही होत नाही. प्रशिक्षणाचा कस मुदतीत नाही, मागच्या बाकावर कोण बसले आहे आणि त्याने काय ऐकले, यात आहे.

आणि आम्हा महाविद्यालयीन प्राध्यापकांचे काय? आठवीला शिकवण्यासाठी प्रशिक्षणाची पदवी लागते, बी. ए. ला शिकवण्यासाठी ती कधीच लागली नाही. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग सुरू केले, ते नोकरीत आल्यानंतरचे. पोहणे शिकवण्याआधी पाण्यात ढकलावे तसा हा क्रम आहे. त्या बाई भेटल्या नसत्या तर मी आजवर माझ्याच कविता ऐकत राहिलो असतो.

शेवटी आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या बालविभागात पुस्तके आहेत, कपाटे आहेत, खिडकीशी छान उजेड येतो. मुले येतात ती आजोबांचे बोट धरून, आणि आजोबांचे पुस्तक बदलून होईपर्यंत थांबतात. मराठी त्यांना समजते, बोलताही येते; वाचणे मात्र जड जाते. यात मुलांचा दोष नाही आणि आईवडिलांचाही फारसा नाही. बडोद्यातील मराठी मुलाला मराठी वाचायला शिकवणे हे पुण्यातल्या मुलाला शिकवण्यापेक्षा निराळे काम आहे. परभाषा म्हणून शिकवण्यापेक्षाही ते निराळे आहे. त्याच्याजवळ गुजराती आहे, आणि गुजराती ही अडचण नसून मदत आहे. हिंदीत दोन लिंगे, गुजरातीत मराठीप्रमाणे तीन. तेव्हा ‘ते पुस्तक’ त्याला गुजरातीमार्गे लगेच उमगते. ‘ळ’ त्याला गुजरातीने आधीच दिलेला आहे. अडते ते शिरोरेघेपाशी, ‘ख’, ‘च’, ‘ज’, ‘ब’ या अक्षरांच्या वेगळ्या वळणापाशी, ‘कवि’ आणि ‘कवी’ यांच्या ऱ्हस्व-दीर्घापाशी आणि त्या दोन प्रकारच्या ‘च’पाशी. कोठे मदत आहे आणि कोठे अडते याचा नकाशा आधी तयार असला, तर सहा महिन्यांचे काम सहा आठवड्यांत होईल असे मला प्रामाणिकपणे वाटते. असा नकाशा करणे हे शिक्षकांच्या शाळेचे काम. त्यासाठी मुले आणि पुस्तके पुरवणे हे आपले.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. शताब्दी वर्षात नवी वास्तू, स्मरणिका, सत्कार हे सर्व होईलच. त्याबरोबर सहा रविवार सकाळी बालविभाग उघडा ठेवावा. एका वेळी आठ-दहा मुले, त्याहून अधिक नकोत. विद्याशाखेतील मराठी जाणणाऱ्या छात्राध्यापकांना निमंत्रण द्यावे. त्यांना सरावाला खरी मुले मिळतील, मुलांना धीराने ऐकणारे कोणी मिळेल. काय अडले, काय सुटले याची नोंद एका वहीत ठेवावी आणि ती वही ग्रंथालयात इतर ग्रंथांप्रमाणे दाखल करून ठेवावी. पुढच्या वर्षी येणाऱ्याने ती आधी वाचावी. खर्च जवळजवळ नाही. लागेल तो खडू, फळा आणि रविवारची झोप.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय काढले त्यांना वाचक कोठून येतील ही चिंता नव्हती. शाळा ते पाठवीत होत्या. आज ते आपोआप येणार नाहीत. आपल्या कपाटांतील हजारो ग्रंथ कितीही जपले, तरी ‘चांदणे’ हा शब्द पाहून ज्याच्या कानात आजीचा आवाज उमटेल असे मूल नसेल, तर ते ग्रंथ आपण कोणासाठी जपत आहोत, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

पहिल्या रविवारी शिकवण्याचा मान मी मागत नाही. मला मागच्या बाकावर बसू द्यावे. वही मी माझी आणीन.